ते सर नाहीत

हल्ली सर व्हायला काहीच करावं लागत नाही. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या गेटवर एजन्सीचा नवा सिक्युरिटीवाला आलाय, तो येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सर म्हणतो. माझ्या नवऱ्याला सर, पार्सलवाल्याला सर, गाड्या धुणाऱ्यालाही सर. परवा क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एका मुलीनं फोनवर माझा आवाज ऐकून, माझं नाव विचारून घेऊन, वर मला दोनदा सर म्हटलं. तिच्यासमोरच्या कागदावर तसंच छापलेलं असणार, ती तरी काय करणार. पूर्वी मी अशा गोष्टींवर जेवणाच्या टेबलाशी तासभर टिंगल केली असती. आता करवत नाही. तो शब्द असा चुरमुऱ्यांसारखा उधळलेला ऐकला की मला भोईर आठवतात, आणि त्यांच्याबरोबर जे आठवतं ते आठवायला नको असतं.

मी सरांच्याच घरात वाढले. बाबा हायस्कुलात गणित शिकवायचे. सगळा नौपाडा त्यांना दातार सर म्हणायचा ते ठीक, पण आईसुद्धा त्यांना सरच म्हणायची. 'सर, पान वाढलंय.' 'सर झोपलेत, हळू बोल.' पाच वर्षांची होईपर्यंत मला ते बाबांचं नावच वाटत होतं. बाबांना या शब्दाचा भारी अभिमान. प्राथमिक शाळेत असतो तो गुरुजी, घरी शिकवायला येतो तो मास्तर, आणि हायस्कुलात सर, अशी चढती भाजणी त्यांनी मला पाढ्यांबरोबर पाठ करून दिली होती. बायका मात्र कितीही शिकल्या तरी बाईच. म्हणून एम.एस्सी. करून मी कल्याणच्या एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवायला लागले, तेव्हा पहिल्या तासाला हजेरी घेण्याच्याही आधी मुलांना बजावलं की मला बाई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं.

कॉलेजात ही वाटणी पक्की होती. शिकवणारे ते सर आणि मॅडम. शिपाई ते मामा. झाडलोट करणाऱ्या त्या मावशी. ज्यांना मान द्यायचा त्यांना इंग्रजी शब्द, आणि ज्यांच्याकडून कामं करून घ्यायची त्यांना नात्यातला. सख्ख्या मामाला कुणी 'मामा, इथे जरा फडकं मारा' म्हणत नाही, पण तिकडे कुणाचं लक्ष जात नसे. माझं तर अजिबातच गेलं नाही.

काशिनाथ भोईर आमच्या केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होते. म्हणजे कागदावर चतुर्थ श्रेणी. डोंबिवली पश्चिमेला खाडीच्या बाजूला त्यांचं गाव, तिथून सकाळी सातच्या आत कॉलेजात हजर. पांढरा शर्ट, कडक इस्त्रीचा, बाह्या बरोबर दोनदा दुमडलेल्या. खिशात पेन आणि पेनाशेजारी एक काचेचा ड्रॉपर. सिल्व्हर नायट्रेटनं बोटांवर काळे डाग कायमचे पडलेले. ते डाग गेले तर आपण रिटायर झालो असं समजायचं, असं ते म्हणायचे. प्रयोगशाळेतल्या एकूण एक बाटलीवरचं लेबल त्यांच्या हातचं होतं, एकाच उंचीची अक्षरं, इंग्रजी वर आणि मराठी खाली. दहावीला ते इंग्रजीतच दोनदा नापास झाले होते, हे त्या लेबलांकडे बघून खरं वाटत नसे.

पहिल्याच प्रॅक्टिकलला त्यांनी मला वाचवलं. साठ मुलांसमोर मी टायट्रेशन करून दाखवत होते, ऑक्झॅलिक अ‍ॅसिड आणि परमँगनेट. वरून जांभळा थेंब पडला की खालच्या द्रावणात त्याचा रंग नाहीसा व्हायला हवा, आणि अगदी शेवटी फिकट गुलाबी रंग टिकून राहिला की थांबायचं. माझा पहिल्याच थेंबाला गुलाबी झाला आणि जाईचना. मी फ्लास्क हलवतेय, हलवतेय, कपाळाला घाम. हे द्रावण आधी गरम करावं लागतं, हे एम.एस्सी. झालेल्या बाईंच्या डोक्यातूनच गेलं होतं. तेवढ्यात भोईर फडक्यात धरून वाफाळता फ्लास्क घेऊन आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माफ करा मॅडम, मी चुकून गार फ्लास्क दिला तुमाला." मुलं हसली, त्यांना. मी "असू दे, असू दे" म्हटलं. किती मोठ्या मनानं म्हटलं होतं मी ते!

त्यांची एक विचित्र सवय होती. मुलांना ते सर म्हणायचे. अकरावीच्या, नुकती मिसरूड फुटलेल्या पोरांना. "सर, बर्नर मोठा झालाय तुमचा." मुलींना "मॅडम, वास हातानं ओढून घ्यायचा, नाक नाय घालायचं आत." पिपेट फोडणाऱ्या पोरालाही "सर, पाय सांभाळा, काच हाय" असंच. मी एकदा त्यांना म्हटलं, "अहो, डोक्यावर बसतील." तर म्हणाले, "बसू दे की. सर बोललं की पोरगं ताठ उभं राहतं, हात थरथरत नाय त्याचा. आपल्याला काचा कमी लागतात, मॅडम." हिशेब अगदी व्यवहारी होता.

मग पोरं त्यांनाही सर म्हणायला लागली. हे कधी सुरू झालं ते मला सांगता येणार नाही. मी लागले तेव्हा म्हणतच होती.

एका वर्षी बोर्डाच्या प्रॅक्टिकलला पुण्याहून एक एक्स्टर्नल आले, परीक्षा घ्यायला बाहेरून पाठवतात ते. वयस्कर, गंभीर गृहस्थ. मुलांना ओळखायला द्यायचे क्षार नंबर टाकून बाटल्यांत भरून ठेवलेले असतात आणि कुठल्या नंबरात काय आहे याची यादी परीक्षकाकडे असते. यांची यादी सापडेना. सोळा बाटल्या, सगळ्यांत पांढरी पूड, बाहेर मुलं रांगेत. मी पुस्तक काढून तपासण्या सुरू केल्या, एका बाटलीला दहा मिनिटं. भोईरांनी खुर्ची ओढली आणि चिमूट-चिमूट हातावर घेऊन, वास घेऊन, बर्नरच्या ज्योतीवर धरून पाव तासात सोळाच्या सोळा लिहून दिल्या. यादी नंतर त्या गृहस्थांच्याच चष्म्याच्या डबीत सापडली. एकही चूक नव्हती. ते उठून उभे राहिले आणि भोईरांचा हात हातात घेऊन म्हणाले, "सर, आपण कुठल्या युनिव्हर्सिटीचे?"

भोईर म्हणाले, "मिठागर, साहेब. बाप मिठागरात होता माझा. लहानपणी चिमटीत धरून सांगायचो, कुठल्या कोंडीचं मीठ."

सगळे हसले, मीही हसले. पण मला ते झोंबलं होतं हे इथे लिहून टाकते. त्या माणसानं मला एकदाही मॅडम म्हटलं नव्हतं, "अहो, जरा पाणी मागवा" म्हटलं होतं.

त्याच वर्षी शिक्षकदिनाला मुलांनी भोईरांसाठी शुभेच्छापत्र आणलं. वर मोठ्या अक्षरांत 'आमचे लाडके भोईर सर'. आमच्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांना मुलांनी फूलसुद्धा दिलं नव्हतं, त्यामुळे मीटिंग झाली. प्राचार्य म्हणाले, शिस्तीचा प्रश्न आहे, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना मुलांनी मामाच म्हणायला हवं. प्रयोगशाळा माझ्या ताब्यात, म्हणून मुलांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगितलं. जड मनानं वगैरे नाही, मला ते पटतच होतं. बाबांनी पस्तीस वर्षं खडू घासून जो शब्द मिळवला, तो बाटल्या धुणाऱ्या माणसाला का मिळावा, असं माझ्या मनात अगदी स्पष्ट होतं. भोईर मागच्या बेसिनशी उभे राहून डिस्टिल्ड वॉटरच्या बाटल्या भरत होते. त्यांनी नळ बंद केला, माझं बोलणं संपेपर्यंत थांबले, मग पुन्हा सुरू केला. दुसऱ्या दिवसापासून कुणी चुकून सर म्हणालं की ते स्वतःच म्हणायचे, "सर नाय, मामा. मॅडमनी सांगितलंय ना?" स्वतः मात्र मुलांना सर म्हणतच राहिले. त्यावर नियम नव्हता.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी, जून महिन्यात, ते माझ्याकडे आले. मी एकटीच जर्नल तपासत होते. ते ब्युरेट पुसत उभे राहिले, एकच ब्युरेट, पुन्हा पुन्हा.

"मॅडम, एक बोलायचं हाय. रागवू नका."

"बोला ना, भोईर."

"नात येते अकरावीला. मयुरी. आपल्याच कॉलेजात नंबर लागला."

"अरे वा! मग पेढे कुठे आहेत?"

"पेढे आणीन. पन तिला वाटतं मी हितं सर हाय."

मी हसले. खरं तर फिस्सकन हसले. तेही थोडं हसले, माझ्यासोबत, मला अवघडायला नको म्हणून. मग सांगू लागले. गावातली, कोपरची, मोठागावची कितीतरी पोरं आमच्या प्रयोगशाळेतून शिकून गेलेली. ती रस्त्यात भेटली की 'भोईर सर' म्हणून हाका मारतात. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून सकाळी निघणारा आजोबा आणि रस्त्यारस्त्यावर त्याला सर म्हणणारी माणसं, हे ती पोर जन्मापासून बघत आली. चौथीत असताना तिनं निबंध लिहिला, माझे आजोबा कॉलेजात सर आहेत. शाळेत तो वाचून दाखवला.

"मी वाचला तो निबंध. खोटं मी काय बोललो नाय, मॅडम. पन खरं बी बोललो नाय."

"मग आता?"

"मना सर म्हना असं नाय बोलत मी. नियमात नाय ते. फक्त तिच्यासमोर मामा नको. नुसतं भोईर म्हना. दीड वर्ष काढायचंय, मग मी रिटायर."

"एवढंच ना? नाही म्हणणार," मी म्हटलं. त्यांनी ब्युरेट स्टँडला लावली आणि दुसऱ्या दिवशी खरोखर पेढे आणले.

मी शब्द पाळलाही. वर्षभर पाळला. मयुरी माझ्याच बॅचला आली. सावळी, उंच, कमी बोलणारी, आणि काचेला हात लावायची तो थेट आजोबांसारखा. मी भोईरांना भोईर म्हणायची, कधी नुसतं "अहो" म्हणायची. तिच्या बॅचला 'मामा म्हणा' असं सांगायचंही मी टाळलं. तिच्या टेबलाशी आले की भोईर तिला "मॅडम, फ्लेम बघा" म्हणायचे आणि ती "हो" म्हणायची. दोघं एकमेकांकडे बघून हसायची नाहीत. मला गंमत वाटायची. आपण किती चांगल्या आहोत, असंही वाटायचं.

आता ते सांगायला हवं. आमच्याकडे प्रॅक्टिकल कसं चालायचं ते आधी सांगते. मॅडम हजेरी घेणार, फळ्यावर प्रयोगाचा उद्देश लिहिणार आणि स्टाफरूममध्ये जाणार. दोन तासांनी येऊन जर्नलवर सह्या करणार. मधल्या दोन तासांत प्रयोगशाळा भोईरांची. बाटल्या ते देणार, चुका ते सुधारणार, अडलेल्याला ते सांगणार. मी एकटीच असं करत होते असं नाही, कितीतरी ठिकाणी असंच चालतं. पण इतरत्र काय चालतं ते लिहून माझी सुटका होत नाही.

त्या गुरुवारी आमच्यातल्या एका सहकाऱ्यांनी टिटवाळ्याला फ्लॅट बुक केल्याचे पेढे आणि सामोसे आणले होते. किती स्क्वेअर फूट, स्टेशनपासून किती लांब, असं सगळं चाललं होतं. मी दुसरा सामोसा घेतला तेव्हा वरच्या मजल्यावर सोहम नावाच्या मुलाच्या हातावर सल्फ्युरिक अ‍ॅसिड उडालं. मी वर पोचले तेव्हा भोईरांनी त्याचा हात नळाखाली धरलेला होता. पोरगा रडत होता. "सर, हलू नका. पानी हाय ना, काय होत नाय. वीस मिनटं. मी हाय." कुणीतरी मलमाची ट्यूब आणली ती त्यांनी कोपरानं ढकलून दिली. वीस मिनिटं ते तसेच वाकून उभे होते, स्वतःचे दोन्ही हात त्याच पाण्यात. मी सामोशाचं तेल लागलेली बोटं पदराला पुसत दारात उभी होते. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, पाण्यानं निभावलं, चार दिवसांत डागही राहणार नाही.

सोहमचे वडील तासाभरात आले. प्राचार्यांच्या केबिनमध्ये सोहम, त्याच्याच टेबलावर काम करणारी म्हणून साक्षीला बोलावलेली मयुरी, आणि मी. मयुरीच्या हातात सोहमची बॅग होती.

"पोराच्या हातावर अ‍ॅसिड पडतं म्हणजे काय?" वडील ओरडत होते. "तेव्हा तिथे होतं कोण?"

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनाही सामोसा आणून दिला होता.

सोहम म्हणाला, "भोईर सर होते, पप्पा. सरांनीच हात धरला ना माझा."

"मग बोलवा त्या सरांना! सर समोर असताना असं होतंच कसं?"

"ते सर नाहीत," मी म्हटलं.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण मी घाबरले होते. नोकरी, चौकशी, बाबांचं नाव, काय काय डोक्यात आलं. मी पुढे म्हणाले, "शिपाई आहेत ते. मामा. अ‍ॅसिडच्या बाटल्यांना हात लावायचा नाही असं त्यांना सांगून ठेवलेलं आहे." अटेंडंटसुद्धा म्हटलं नाही मी. आणि सांगून ठेवलेलं वगैरे काही नव्हतं. अकरा वर्षं माझ्या वाटच्या बाटल्या तेच हाताळत होते.

भोईर दारात उभे होते. त्यांना बोलावणं गेलं होतं आणि ते आले होते. कधी आले ते मी पाहिलं नव्हतं. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या. ते मयुरीकडे बघत नव्हते, सोहमच्या वडिलांकडे बघत होते.

"मॅडम बरोबर बोलतात, साहेब," ते म्हणाले. "मी शिपाई हाय. मॅडमनी सांगितलेलं. माझ्याच ध्यानात नाय राहिलं."

पहिल्या दिवशी म्हणाले होते तसंच. गार फ्लास्क मी दिला म्हणून. फरक एवढाच की तेव्हा साठ मुलं हसली होती, आता कुणी हसलं नाही. प्राचार्यांनी सुटकेचा श्वास टाकला तो मी ऐकला. बहुधा मीही टाकला.

भोईरांना मेमो मिळाला. प्रयोगशाळेतून काढून त्यांना खाली घंटा आणि गेटचं रजिस्टर दिलं. तिथे गणवेश सक्तीचा, खाकी. त्यांनी खाकीलाही तशीच कडक इस्त्री केली, बाह्या तशाच दोनदा दुमडल्या. वर प्रयोगशाळेत कंत्राटावर एक नवा माणूस आला. आता दोन-दोन तास मला उभं राहावं लागे, आणि बेरियम क्लोराइड कुठल्या कपाटात असतं हेही मला ठाऊक नाही हे मुलांना आठवड्याभरात कळलं. मग भोईरांची लेबलं वाचत मी एक-एक बाटली शोधायची. इंग्रजी वर, मराठी खाली.

मी माफी मागायला गेले नाही असं नाही. एकदा दुपारी गेटवर गेले. "भोईर, त्या दिवशी मी..." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, "तास संपला, मॅडम," म्हणाले आणि घंटा द्यायला गेले. तास संपायला अजून तीन मिनिटं होती. उभ्या आयुष्यात त्यांनी चुकीच्या वेळी दिलेली ती एकच घंटा असेल.

मग मी मयुरीला गाठलं. व्हरांड्यात, एकटी बघून. मला वाटलं पोरीची समजूत घातली की निम्मं तरी ओझं उतरेल. मी म्हटलं, "मयुरी, तुझे आजोबा शिपाई असले तरी फार मोठे आहेत, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला असं कळायला नको होतं."

तिनं माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मला माहीत होतं, मॅडम."

"काय?"

"पहिल्या दिवसापासून. नोटीस बोर्डावर स्टाफची यादी असते ना, त्यात सगळ्यात खाली नाव आहे आज्याचं. त्याच्या आधीपण माहीत होतं, आठवीत असताना. घरात पगाराची स्लिप असते."

"मग तू त्यांना कधी..."

"कशाला?" ती म्हणाली. "आज्याला बरं वाटायचं. मला माहितीय हे त्याला माहीत नव्हतं, बस. आता आहे." तिनं बॅग खांद्यावर घेतली. "येते, मॅडम." तिनं मॅडम हा शब्द अगदी नीट उच्चारला, मी पहिल्या तासाला सांगितला होता तसा. मला वाटत होतं मी एका मुलीचा गैरसमज मोडला. मी मोडलं होतं ते दोघांनी मिळून, एकमेकांना न सांगता, इतकी वर्षं सांभाळलेलं काहीतरी होतं. त्याची मला जी लाज वाटली ती आजही तशीच वाटते, शिळी होत नाही.

भोईर रिटायर झाले तेव्हा निरोप समारंभात बोलायला मलाच सांगितलं, त्यांच्याबरोबर सगळ्यात जास्त काम मी केलं म्हणून. मी चार दिवस भाषण लिहीत होते. त्यात सात ठिकाणी 'भोईर सर' लिहिलं होतं. मोजले होते. ठरवलं होतं, सगळ्यांसमोर, प्राचार्यांसमोर, मोठ्यानं म्हणायचं. जे व्हायचं ते होऊ दे.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत प्राचार्य, त्यांच्याशेजारी ते फूल न मिळालेले प्राध्यापक. मयुरी शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. व्यासपीठावर भोईर, त्या दिवशी पुन्हा पांढऱ्या शर्टात, हात मांडीवर. मी कागद उलगडला. प्राचार्य माझ्याकडे बघून मान हलवत होते, लवकर आटपा अशा अर्थी. आणि मी वाचलं, "श्री. काशिनाथ भोईर यांनी आपल्या संस्थेची..." पुढे 'त्यांनी', 'त्यांचा', 'त्यांच्या'. सात ठिकाणी तो शब्द आला आणि सात ठिकाणी मी त्याला वळसा घालून गेले. मामाही म्हटलं नाही. कुणालाही काही खटकलं नाही. टाळ्या पडल्या.

भोईरांना दोन शब्द बोलायला सांगितले. ते उठले. "सगळ्या सरांना आणि मॅडमना नमस्कार. पोरं चांगली होती. काय चुकलं असेल तर पोटात घाला." थांबले. मग म्हणाले, "आनि ऑक्झॅलिक गरम केल्याबिगर घेऊ नका." सगळे हसले. साध्या माणसाचा साधा विनोद म्हणून हसले. त्याचा अर्थ त्या हॉलमध्ये फक्त मला कळत होता, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

समारंभ संपल्यावर चहा झाला, फोटो झाले. भोईर निघाले तेव्हा मला राहवलं नाही, मी पर्स तिथेच टाकून मागोमाग गेले. निदान गेटपाशी, कुणी नसताना, एकदा म्हणायचं, एवढंच डोक्यात होतं. पुढे भोईर, हातावर शाल. त्यांच्यापुढे मयुरी, पिशवीत नारळ. मी दहा-बारा पावलं मागे.

गेटवर भोईरांच्या जागी एजन्सीचा सिक्युरिटीवाला आला होता, त्याच आठवड्यात. त्याला कोण कोण आहे काही ठाऊक नव्हतं. पांढरा शर्ट येताना दिसला तसा तो स्टुलावरून उठला, त्यानं लहान दरवाजा उघडला आणि म्हणाला, "या सर. सांभाळून, पायरी आहे, सर."

मयुरी बाहेर पडली होती. भोईर दरवाजात थबकले. मग वाट सोडून चटकन कडेला झाले, आणि मागून कुठले सर येताहेत ते बघायला त्यांनी वळून बघितलं.

मागे मी एकटीच होते.

"या मॅडम," ते म्हणाले, आणि मला आधी जाता यावं म्हणून शाल सावरून भिंतीला लागून उभे राहिले. मला म्हणायचं होतं ते ओठांवर होतं. सिक्युरिटीवाला दरवाजा धरून उभा होता, मयुरी बाहेरून बघत होती. मी मान खाली घातली आणि त्यांच्या आधी गेटबाहेर पडले.